संदर्भलेखन, वैद्यकीय व वैज्ञानिक (विशेष निर्देश : ग्रामीण विदर्भ)

वैद्यकीय किंवा वैज्ञानिक लेखात एखादे विधान, आकडा किंवा पद्धत कुठून घेतली, हे वाचकाला मूळ लिखाणापर्यंत पोहोचता येईल इतक्या नेमकेपणाने नोंदवण्याची रीत म्हणजे संदर्भलेखन. मजकुरात विधानापाशी येणारा निर्देश आणि लेखाच्या शेवटची संदर्भसूची असे त्याचे दोन भाग असतात. वैद्यकीय महाविद्यालयांत याला सरसकट ‘रेफरन्स टाकणे’ म्हणतात. थिसिसच्या कामात हा भाग बहुधा सर्वांत शेवटी, सबमिशनच्या तोंडावर उरकला जातो आणि पुष्कळशा चुकांचे मूळ तिथेच असते.

ग्रामीण विदर्भाचा या विषयाशी दुहेरी संबंध आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान (स्थापना १९६९), सावंगी (मेघे) येथील वैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ येथे प्रबंध लिहिणारे विद्यार्थी दरवर्षी जगभरच्या लेखनाचे संदर्भ देतात. दुसरीकडे, इथली खेडी स्वतःच जागतिक वैद्यकीय लेखनात संदर्भ म्हणून येतात. गडचिरोली जिल्ह्यात १९८६पासून काम करणाऱ्या ‘सर्च’ या संस्थेचे निबंध ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि पुढे अनेक देशांतील संशोधकांनी ते उद्धृत केले. त्यामुळे संदर्भ चुकीचा दिला तर काय हरवते, हे पाहायला दूर जावे लागत नाही.

पद्धती. वैद्यकीय नियतकालिकांत प्रामुख्याने व्हँकूवर पद्धत चालते. १९७८मध्ये काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातील व्हँकूवर येथे जमले. प्रत्येक नियतकालिकाची मांडणी वेगळी असल्याने लेख एकीकडून नाकारला गेला की तो सगळा नव्याने टंकित करावा लागे. ही कटकट मिटवण्यासाठी त्यांनी सामाईक नियम ठरवले व ते १९७९मध्ये प्रसिद्ध झाले. या गटातूनच वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती उभी राहिली. या पद्धतीत संदर्भांना मजकुरात येतील त्या क्रमाने आकडे मिळतात आणि तोच स्रोत पुन्हा आला तर जुनाच आकडा वापरतात. कृषी व सामाजिक शास्त्रांत लेखकाचे आडनाव आणि वर्ष देणारी हार्वर्ड पद्धत अधिक रुळलेली आहे. मराठीतील मानव्यविद्यांच्या प्रबंधांत दिसणारे ‘तत्रैव’ (म्हणजे ‘आधी सांगितलेल्या स्रोतातच’) या दोन्हींत बसत नाही. दोन्हींपैकी कोणती श्रेष्ठ, हा वाद निरर्थक आहे. नियतकालिक किंवा विद्यापीठ सांगेल ती वापरावी आणि एका लेखात एकच वापरावी.

व्हँकूवर पद्धतीची एक नोंद देवनागरीत अशी दिसेल : बंग एटी, बंग आरए, बैतुले एसबी, रेड्डी एमएच, देशमुख एमडी. [निबंधाचे शीर्षक]. लॅन्सेट. १९९९;३५४:१९५५–६१. आधी वर्ष, मग खंड, मग पृष्ठे. आडनाव पुढे येते आणि नावाची आद्याक्षरे मागे. सहापेक्षा जास्त लेखक असतील तर पहिले सहा देऊन ‘व इतर’ लिहितात. २०००पासून रूढ झालेला डीओआय हा कायमस्वरूपी ओळखक्रमांक उपलब्ध असेल तर तोही द्यावा. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी त्या क्रमांकावरून लेख सापडतो.

नावांच्या बाबतीत मराठी लेखकांची विशेष अडचण होते. मधले आद्याक्षर वडिलांचे किंवा पतीचे असते. ते गाळले तर एकट्या अमरावती जिल्ह्यातले देशमुख वेगळे करणे अशक्य होईल. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे काम सूचींमध्ये दोन व्यक्तींच्या नावावर विभागले जाते. २०१२मध्ये सुरू झालेला ऑर्किड हा संशोधकाचा ओळखक्रमांक यावर बऱ्यापैकी उपाय आहे. मराठी पुस्तक किंवा अहवालाचा संदर्भ इंग्रजी लेखात देताना शीर्षकाचा अनुवाद चौकटी कंसात देतात आणि शेवटी भाषेचे नाव लिहितात. एवढ्यासाठी मराठी स्रोत गाळण्याची प्रथा पडली आहे, ती समर्थनीय नाही.

संदर्भाची अचूकता. स्वल्पविराम आणि अर्धविराम यांवर गाईड लाल शाई खर्च करतात, पण खरा दोष बहुधा दुसरीकडेच असतो. दिलेला संदर्भ ते विधान करतच नाही, किंवा मर्यादित अर्थाने करतो. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा १९८९चा ‘लॅन्सेट’मधील निबंध हे उत्तम उदाहरण आहे. गडचिरोलीतील दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची त्यात तपासणी झाली आणि ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला. स्त्रियांच्या आरोग्याचा विचार बाळंतपण आणि कुटुंबनियोजनापुरताच होत असताना या निबंधाने एका दुर्लक्षित प्रश्नाकडे लक्ष वेधले. मात्र त्याचा हवाला देऊन ‘ग्रामीण भारतातील ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असतात’ असे लिहिले, तर मांडणी कितीही निर्दोष असली तरी संदर्भ चुकीचाच ठरतो. दोन गावे, तो काळ आणि तपासणीची ती पद्धत आकड्यासोबत गेलीच पाहिजे. वर नोंद दिलेला १९९९चा निबंधही असाच आहे. घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत झाला आणि ४७ गावे तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी, तुलनेतील गावांच्या मानाने, नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट दिसली. त्यातली ‘तिसऱ्या वर्षी’ आणि ‘तुलनेतील गावांच्या मानाने’ ही पदे गळली की उरतो तो प्रचारफलकाचा मजकूर.

अशा गळतीचे परिणाम किती दूर जातात, हे अमेरिकेतील एका पत्रावरून कळते. १९८०मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने पाच वाक्यांचे एक पत्र छापले. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामके घेतलेल्या रुग्णांत व्यसन जडणे विरळ असते, एवढेच त्याचे म्हणणे होते. २०१७मध्ये कॅनडातील संशोधकांनी मोजणी केली, तेव्हा हे पत्र ६०८ लेखांत उद्धृत झालेले आढळले. त्यांपैकी सुमारे ७२ टक्के लेखांनी ते व्यसन विरळ असल्याचा पुरावा म्हणून वापरले होते आणि सुमारे ८१ टक्के लेखांनी ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलेच नव्हते. पुढे त्या नियतकालिकाने मूळ पत्रावर सावधगिरीची टीप जोडली.

उसना संदर्भ, म्हणजे मूळ लेख न वाचता दुसऱ्याच्या लेखनातून उचललेला, हा याच दोषाचा सख्खा भाऊ. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावर पुष्कळ प्रबंध होतात. हेरिक (१९१०), निलगिरीतील आदिवासींवरचे लेमन व कटबुश (१९५२) आणि नागपूरचे शुक्ला व सोळंकी (१९५८) हे संदर्भ त्यांत ठरलेल्या क्रमाने येतात. हे लेख उघडून वाचलेले असतील तर प्रश्नच नाही. नसतील तर ज्या लेखातून माहिती घेतली त्याचाच संदर्भ द्यावा किंवा ‘अमुक यांनी उद्धृत केल्यानुसार’ असे स्पष्ट लिहावे. जुन्या प्रबंधाची सूची जशीच्या तशी उचलली की त्यातली पृष्ठक्रमांकाची चूकही वारशाने येते. परीक्षकाला चोरी बहुधा तिथेच कळते.

शासकीय आकडेवारी व बदलत्या सीमा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा देताना फेरी सांगणे आवश्यक असते. चौथी फेरी २०१५–१६ची, पाचवी २०१९–२१ची. जिल्हानिहाय अंदाज चौथ्या फेरीपासूनच मिळतात. त्याआधीच्या फेरीच्या नावावर ‘गडचिरोली’चा आकडा दिलेला दिसला, तर तो तपासून घ्यावा. जनगणनेत आणखी मेख आहे. गडचिरोली जिल्हा १९८२मध्ये चंद्रपुरातून, वाशिम १९९८मध्ये अकोल्यातून आणि गोंदिया १९९९मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. १९९१च्या जनगणनेतला भंडारा आणि २०११चा भंडारा यांची थेट तुलना करणारे लेखक नसलेला बदल शोधून काढतात. त्याहून जुने साहित्य शोधताना ‘महाराष्ट्र’ हा शब्द निरुपयोगी ठरतो. ते मध्य प्रांत, वऱ्हाड, मध्य भारत, चांदा अशा नावांखाली सापडते. यवतमाळ व अमरावतीची इंग्रजी स्पेलिंगही त्यात वेगळी आहेत. संदर्भ देताना छापलेले जुने नाव तसेच ठेवावे आणि आजचे नाव मजकुरात सांगावे.

अप्रकाशित व मौखिक माहिती. प्राथमिक आरोग्य केंद्राची बाह्यरुग्ण नोंदवही, आशाताईंकडची घरभेटींची नोंद किंवा उपकेंद्रातले प्रसूतीचे रजिस्टर यांना संदर्भसूचीत जागा नसते. ती लेखकाची स्वतःची सामग्री असते. कालावधी, परवानगी आणि नोंदी कशा निवडल्या, हे ‘पद्धती’ या भागात यावे. कुणी तोंडी किंवा पत्राने सांगितलेली गोष्ट अगदी अपरिहार्य असेल तरच वापरावी. त्या व्यक्तीची लेखी संमती घेऊन नाव व तारीख मजकुरातच कंसात द्यावी. मेळघाट किंवा भामरागडच्या वैदूंकडून मिळालेल्या वनौषधीच्या माहितीला हा नियम तोकडा पडतो. तिथे गाव, तारीख, संमती आणि वनस्पतिसंग्रहात जमा केलेल्या नमुन्याचा क्रमांक दिला जातो. माहिती देणाऱ्याला श्रेय कसे द्यावे, याबाबत मात्र नियतकालिके अजून कंजूष आहेत.

मागे घेतलेले लेख. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा १९९८चा निबंध ‘लॅन्सेट’ने २०१०मध्ये मागे घेतला. असे लेख सूचीतून नाहीसे होत नाहीत, त्यांवर तशी खूण केली जाते. म्हणून लेख पाठवण्यापूर्वी प्रत्येक नोंद पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवर पुन्हा पाहण्याची शिफारस संपादक समिती करते. झोटेरो, मेंडेले यांसारखी सॉफ्टवेअर नोंदींची मांडणी करतात, पण त्यांत चुकीची भरलेली नोंद सुबक होऊनच बाहेर येते. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर अस्तित्वात नसलेल्या निबंधांचे संदर्भ लेखक, खंड आणि पृष्ठांसह तयार करून देतात. अशा साधनाने लिहिलेला मजकूर प्राथमिक स्रोत म्हणून देणे संपादक समितीला मान्य नाही.

वाङ्मयचौर्याबाबतच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांनुसार प्रबंधाच्या मजकुराचे इतर लेखनाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास दंड नाही, तर ६० टक्क्यांवर साम्य आढळल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होऊ शकते. साम्य मोजताना अवतरणे आणि संदर्भसूची वगळली जाते. त्यामुळे टक्केवारीचा अहवाल स्वच्छ आला म्हणून संदर्भ बरोबर आहेत असे ठरत नाही. ते ताडून पाहण्याचे काम गाईड आणि परीक्षकाकडेच राहते.