समोरचा भिडू : मुंबईच्या घरांतल्या बैठ्या खेळांची पार्श्वभूमी

मुंबईत अनोळखी माणसालाही ‘भिडू’ म्हणून हाक मारली जाते, पण हा शब्द मूळचा डावातला आहे. भिडू म्हणजे आपल्या बाजूने खेळणारा गडी. आणि चौघांच्या बैठ्या खेळात तो आपल्या शेजारी नसतो, समोर असतो. डावी-उजवीकडे प्रतिस्पर्धी आणि समोर आपला माणूस ही बैठक सारीपाटात होती, पत्त्यांत ती टिकली, कॅरममध्येही ती दिसते. लूडोने मात्र ती मोडली. मुंबईच्या मराठी घरांतले आजचे खेळ कुठून आले आणि वाटेत त्यांनी काय टाकले, हे पाहताना या भिडूवर नजर ठेवलेली बरी.

बैठ्या खेळांना आपल्याकडे धर्माचाही आधार मिळालेला आहे, हे पत्ते दिसताच कपाळावर आठी घालणाऱ्या वडीलधाऱ्यांना सहसा आठवत नाही. कोजागरीच्या व्रतात रात्रभर जागून फासे खेळावेत असे सांगितले आहे. ‘को जागर्ति’ असे विचारत फिरणारी लक्ष्मी अक्षक्रीडा करणाऱ्याला धन देते, अशी त्यामागची कल्पना. दिवाळीतल्या पाडव्याचे एक नाव द्यूतप्रतिपदा असेच आहे. इमारतीच्या गच्चीवर आटीव दूध उकळेपर्यंत सतरंजीवर पत्त्यांचा डाव पडतो, तो नकळत का होईना, याच रीतीला धरून असतो.

सारीपाटाचे वय या रीतीइतकेच मोठे आहे. वेरूळच्या २१ व्या आणि २९ व्या लेण्यांत शिव-पार्वती द्यूत खेळत असल्याचे शिल्पपट आहेत. हरलेला शिव आणखी एक डाव मागतो आहे, असा अशा शिल्पाचा अर्थ लावला जातो. पुढच्या काळातला सारीपाट म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचा कापडी पट. त्याच्या प्रत्येक पट्टीत आठ-आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे चार पट्ट्यांची मिळून ९६ घरे, आणि चार रंगांच्या मिळून १६ सोंगट्या. लांबट फासे टाकून खेळला तर तो चौसर आणि कवड्या टाकून खेळला तर पचीसी. पंचवीस या दानावरूनच पचीसीला नाव मिळाले. चौघे बसले की समोरासमोरचे दोघे एका बाजूचे. आपल्या सोंगट्या घरी पोचल्या म्हणून डाव जिंकला असे होत नसे, भिडूच्याही पोचाव्या लागत. त्यामुळे पुढे गेलेल्याने मागे राहिलेल्यासाठी थांबणे, प्रतिस्पर्ध्याची सोंगटी मारून त्याची वाट मोकळी करणे, हाच खेळाचा गाभा होता. एका घरात आपल्या दोन सोंगट्या आल्या की त्यांचे ‘जुग’ होई, आणि जुग फोडणे सोपे नसे. सारीपाट मांडणारी घरे आता फारशी उरली नसली तरी त्याची भाषा उरली आहे. फासे उलटे पडतात, एखाद्याची सोंगटी हलवली जाते, आणि पळून जाणारा पोबारा करतो, तो पोबाराही मूळचा फाशांचे एक दान आहे.

ज्या घरात पट नव्हता तिथे चल्लस-आठ होता. फरशीवर खडूने पाच बाय पाच चौकोन आखायचे, फुलीची घरे सुरक्षित धरायची आणि चार कवड्या टाकायच्या. कवड्या नसल्या तर चिंचोके फोडून त्यांच्या अर्ध्या फाका वापरायच्या. खर्च शून्य, आणि डाव संपला की पोतेरे फिरवून फरशी स्वच्छ. कोकणातून किंवा देशावरून आलेल्या कुटुंबाला मुंबईच्या एका खोलीत हा खेळ बसवायला काहीच अडचण पडली नाही.

पचीसीची इंग्लंडची वारी मात्र तिला महागात पडली. तिकडे तिचे सोपे रूप तयार झाले आणि १८९६ साली ‘लूडो’ या नावाने त्याचे पेटंट घेतले गेले. कवड्यांच्या जागी एक चौकोनी फासा आला, पट लहान झाला आणि भिडू गेला. चौघांपैकी प्रत्येक जण स्वतःपुरता धावू लागला. मुलांना खेळ शिकायला सोपा झाला हे खरे, पण कोणती सोंगटी कोणासाठी हलवायची हा विचारच संपला, आणि माझ्या मते तिथेच पचीसीचा जीव गेला. याच सुमारास, १८९२ मध्ये, सापशिडी इंग्लंडमध्ये बाजारात आली. तिचे मूळ आपल्याकडच्या मोक्षपटात. महाराष्ट्राची परंपरा मोक्षपटाचे श्रेय संत ज्ञानेश्वरांना देते. आज हाती असलेले पट त्यांच्यानंतरच्या काळातले आहेत. जैन परंपरेत ८४ घरांचे, वैष्णव परंपरेत ७२ घरांचे पट आढळतात. त्यांत घराघरावर वृत्तीचे नाव असे : सद्गुणापाशी शिडी, दुर्गुणापाशी साप आणि शेवटी वैकुंठ किंवा मोक्ष. जुन्या पटांत साप बहुधा शिड्यांपेक्षा जास्त असत. परदेशी जाऊन आलेल्या पटावर शंभर आकडे उरले, नावे गेली. पुढे हे दोन्ही खेळ पुठ्ठ्याच्या एकाच घडीच्या दोन बाजूंना छापून, एका बाजूला लूडो आणि दुसऱ्या बाजूला सापशिडी अशा रूपात, मुंबईच्या दुकानांत आले. आपल्याच घरचे दोन खेळ पाठीला पाठ लावून परत आले आणि आपण त्यांना विलायती समजून विकत घेतले.

पत्त्यांची कथा वेगळी आहे, कारण इथे बाहेरून आलेल्या एका खेळाला बाहेरून आलेल्याच दुसऱ्याने बाजूला सारले. गंजिफा मोगलांबरोबर रुळला. १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनला गंजिफाचा संच पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली संच ९६ पानांचा. दक्षिणेत आणि कोकणात त्याचे दशावतारी रूप घडले : मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी एकूण १२० गोल पाने. दिवसा डाव बसला तर रामाच्या राजापासून सुरुवात आणि रात्री बसला तर कृष्णाच्या. सावंतवाडीचे चितारी ही पाने हाताने रंगवून त्यांवर लाखेचा थर देत असत. विसाव्या शतकात ही कला जवळजवळ थांबली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ती पुन्हा सुरू केली. मुंबईतल्या अनेक चाकरमान्यांची गावे त्याच जिल्ह्यात आहेत, तरी गंजिफा त्यांच्या ट्रंकेतून मुंबईला आला नाही. १२० पानांची नावे आणि उतरंड पाठ करण्याला निवांतपणा लागतो. मुंबईने उचलले ते खिशात मावणारे ५२ पत्ते.

हे पत्ते युरोपियनांबरोबर आले, पण मराठीने त्यांना स्वतःची नावे दिली : इस्पिक, बदाम, चौकट, किल्वर; आणि दश्शी, नश्शी, अठ्ठी, सत्ती अशी उतरत दुर्रीपर्यंत. ‘हुकूम’ या शब्दाने तर पत्त्यांबाहेरही घर केले. हुकमी एक्का राजकारणाच्या बातम्यांत रोज निघतो. पानांबरोबर भिडूही परतला. मेंढीकोटात चारही दश्श्या आपल्या जोडीने पकडल्या की समोरच्यांवर कोट चढतो. पाच-तीन-दोन हा भिडू नसलेला तिघांचा अपवाद : सगळ्या रंगांची अठ्ठीपासून वरची पाने आणि इस्पिक-बदामच्या दोन सत्त्या मिळून तीस पाने, प्रत्येकी दहा. ज्याने पाच हात करायचे, त्याने हुकूम बोलायचा. झब्बू, मुंगूस, गुलामचोर, बदाम सात हे खेळ मुलांसाठी आणि पाहुण्यांनी घर भरले असतानाच्या वेळेसाठी.

खऱ्या खेळियाची परीक्षा तीनशे चारमध्ये होते. सत्तीपासून एक्क्यापर्यंत ३२ पाने घेतली जातात आणि त्यांत गुलाम सर्वांत मोठा. गुलामाचे ३०, नश्शीचे २०, एक्क्याचे ११, दश्शीचे १०, राजाचे ३ आणि राणीचे २ गुण मिळून एका रंगाचे ७६, आणि चार रंगांचे ३०४, नाव तिथूनच. आधी चार-चार पाने वाटून बोली लागते, बोली जिंकणारा हुकमाचे पान उपडे ठेवतो आणि मग उरलेली पाने वाटली जातात. राजाच्या डोक्यावर गुलाम आणि नश्शी बसवण्याची ही रीत नेदरलँड्स आणि स्वित्झर्लंडमधल्या ‘यास’ (Jass) नावाच्या कुळातल्या पत्त्यांच्या खेळांत आहे. तिथे फक्त हुकमाच्या रंगात गुलामाला हा मान मिळतो, आपल्याकडे तो चारही रंगांत दिला गेला. डच व्यापाऱ्यांमार्फत हे कूळ दक्षिण आशियात आले असावे, असे पत्त्यांचे अभ्यासक मानतात. श्रीलंकेतही तीनशे चार याच आकड्याने ओळखला जातो.

मुंबईने या डावाला फिरते घर दिले. कर्जत, कसारा किंवा विरारहून रोज दीड-दोन तास लोकलने येणाऱ्यांचे ठरलेल्या डब्यात ठरलेले भिडू असत, चौघांच्या मांड्यांवर एक ब्रीफकेस आडवी पडे आणि पिसणे, वाटणे, बोली हे सगळे दोन स्टेशनांच्या दरम्यान उरकत असे. ज्याचे स्टेशन आधी येई, त्याची पाने मागे उभा असलेला हातात घेई. भिडू बदलला तरी डाव मोडत नसे.

पैशांचा प्रश्न या सगळ्याच्या कडेने चालत आला आहे. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळतो, त्यामुळे कोणता खेळ नशिबाचा आणि कोणता डोक्याचा हा वाद कोर्टात जात राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या एका निकालात रमीला तीन पत्तीपासून वेगळे काढले : पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, कोणते धरायचे आणि कोणते टाकायचे याला कौशल्य लागते. घरोघरी काड्यापेटीच्या काड्या किंवा शेंगदाणे लावून रमी खेळणाऱ्या मावश्या-आत्यांना हे न्यायालयाने सांगण्याची गरज नव्हती.

कॅरमबद्दल मात्र मुंबईला हक्काने बोलता येते. हा खेळ भारतीय उपखंडातच घडला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १९५६ मध्ये अखिल भारतीय कॅरम फेडरेशन आणि १९८८ मध्ये चेन्नईत आंतरराष्ट्रीय फेडरेशन स्थापन झाले. खेळण्याची जागा सुमारे ७४ सेंटीमीटर चौरस, नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक लाल राणी, स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा. पण नियमपुस्तकापेक्षा इथे चाळ महत्त्वाची आहे. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथल्या, १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिथे टेबल टेनिसचे टेबल मांडणे दूरच, पण कॅरमचा बोर्ड एका स्टुलावर किंवा पिंपावर बसतो, चारही बाजूंनी चौघे बसतात, मागे आठ-दहा जण उभे राहतात आणि रात्री तोच बोर्ड भिंतीवर खिळ्याला टांगला जातो. खालपर्यंत सोडलेल्या दिव्याखाली सोंगटीची सावली पडत नाही, म्हणून कट नीट दिसतो. बोरिक पावडर भुरभुरल्याने घर्षण कमी होऊन सोंगटी सळसळत जाते, आणि पावसाळ्यात दमट हवेने बोर्ड चिकटला की पावडरचा डबा लवकर संपतो. गणेशोत्सवात आणि मंडळांच्या स्पर्धांत या खेळाला प्रेक्षक मिळाले. याच वातावरणातून मुंबईने राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय पातळीवरचे खेळाडू दिले.

स्पर्धेत डाव पंचवीस गुणांचा किंवा आठ बोर्डांचा असतो आणि राणीला तीन गुण. बहुतेक घरांत काळीला दहा, पांढरीला वीस आणि राणीला पन्नास असा हिशेब चालतो, कारण लहान मुलांनाही आपली बेरीज मोठी झालेली पाहायची असते. दोन गोष्टी मला इथे लक्षणीय वाटतात. एक म्हणजे लाकडाच्या त्या चकत्यांना आपण सोंगट्याच म्हणतो. सारीपाट घरातून गेला, पण त्याचा शब्द कॅरमच्या बोर्डावर येऊन बसला. दुसरी म्हणजे डबल्समध्ये भिडू पुन्हा समोर येतो, आणि त्याच्या हाताला सोपी जावी अशी सोंगटी लावून ठेवणे ही जुगासारखीच समज आहे.

बुद्धिबळाला भिडू नसतो, म्हणून ते इथे थोडक्यात. पण मुंबईचा त्याच्याशी जुना संबंध आहे. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरचा ग्रंथ १८१४ मध्ये मुंबईत इंग्रजीत छापला गेला. भारतीय पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकते आणि किल्लेकोटाऐवजी राजाला एकदा घोड्याची उडी मारता येते. ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत घरोघरी होती. पुढे मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी खाडिलकर या बहिणींनी आंतरराष्ट्रीय नियमांवर नाव मिळवले; १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंती यांनी जिंकली आणि १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेत्या झाल्या.

मे महिन्याच्या सुट्टीतला ‘व्यापार’ हा अमेरिकेतून फिरत आलेला खेळ. जमीनदारीचे दुष्परिणाम दाखवण्यासाठी लिझी मॅगी यांनी १९०४ मध्ये एका खेळाचे पेटंट घेतले, त्याच्यावरून १९३५ मध्ये मोनोपोली बाजारात आली आणि आपल्याकडे तिच्या पटावर भारतातली शहरे बसली. घरभाड्याने गांजलेल्या शहरातली मुले जागा बळकावून भाडे वसूल करण्यात रमतात, हे मॅगीबाईंनी पाहायला हवे होते.

लूडोची फेरी मात्र इथेच येऊन पुरी झाली. नवी मुंबईतल्या गेमेशन या कंपनीने २०१६ मध्ये फोनवरचा लूडो किंग आणला, आणि २०२० च्या टाळेबंदीत वेगवेगळ्या घरांत अडकलेली कुटुंबे त्यावर एकत्र खेळू लागली. दुसऱ्या एका ॲपवर पैसे लावून चालणारा लूडो नशिबाचा की कौशल्याचा, हा प्रश्न २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि १८८७ च्या कायद्यावर पुन्हा बोलणे झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळच बंद केले. पैसे न लावता डोंबिवलीची आजी आणि अंधेरीचा नातू जो लूडो खेळतात, त्याला त्याने काही फरक पडला नाही. फक्त त्या पटावर दोघेही एकमेकांच्या सोंगट्या मारत असतात.