खांड (खारबांधाची)

समुद्राचे किंवा खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या मातीच्या बांधाला पडणारे भगदाड. रायगड जिल्ह्यातील पेण-अलिबागच्या खारेपाटात खांडीची धास्ती कायमची. गोव्यातील खाजन, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या, जमिनींचे दुखणेही हेच.

खांडीची सुरुवात बरेचदा चिंबोरीच्या (खेकड्याच्या) बिळापासून होते. ओहोटीला पाहिले तर बिळाचे तोंड जेमतेम मूठ जाईल एवढे. भरतीचे पाणी त्यात दिवसातून दोनदा शिरते. शेताकडच्या अंगाला आधी नुसती ओल दिसते, मग पाणी झिरपू लागते. ते नितळ असेल तोवर फारसे भय नाही. गढूळ येऊ लागले, की बांध आतून पोखरला जातोय हे जाणत्याला कळते. तेव्हाच बीळ खणून चिखलाने चोपून भरले, तर दोन-चार माणसांत काम भागते. राहून गेले तर पोकळी वाढते, वरची माती खचते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बांध तुटतो. पुढे आत येणारी भरती आणि परतणारी ओहोटी, दोघीही खांडीच्या कडा खात राहतात.

खारे पाणी रोजच येऊ लागले, की खारटपणा सोसणारी भातेही तग धरत नाहीत. पडीक शेतात भरतीबरोबर आलेले तिवरांचे (खारफुटीचे) बी रुजते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून राज्यात तिवरतोडीस बंदी आहे. बंदी योग्यच, पण बांध उशिरा दुरुस्त झाला, तर सातबारा नावावर असूनही मालकाला ती जमीन पुन्हा लागवडीखाली आणता येत नाही.

पूर्वी खारेपाटात ‘जोळ’ पद्धतीने शेतकरी मिळून बांधबंदिस्ती करीत. १९४८ व १९७९ च्या खारजमीन कायद्यांनंतर मोठी कामे सरकारी योजनांत गेली. दगडी अस्तर, पक्क्या उघाड्या (बांधातली पाणी सोडण्या-अडवण्याची दारे) यांसाठी सरकारी पैसा हवाच होता. बिळाचे तसे नाही: अंदाजपत्रक मंजूर होईपर्यंत उधाणे येऊन जातात. गोव्यात बांधांची राखण ‘गावकरी’ या गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेकडे असे. १९६४ च्या कूळकायद्यानंतर ती हळूहळू कुळांच्या संघटनांकडे आली. जिथे भातशेतीच सुटली, तिथे बांधावर फेरी मारणारे कोणी उरले नाही.