साठीनंतरची टेनिस रॅकेट: निवडीमागचा इतिहास

दुकानात नवी रॅकेट हातात घेतली की तिच्या गळ्याच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत काही आकडे दिसतात. हेड (म्हणजे तारा बसवलेला गोल भाग) १०५ चौरस इंच, वजन २७० ग्रॅम, लांबी २७ इंच, गटिंग (तारांची विणण) १६ बाय १९, टेन्शन (तारांचा ताण) अमुक ते तमुक पौंड. आयुष्यभर टेनिस खेळलेला माणूसही इथे अडतो. तो खेळ शिकला तेव्हा यातलं काहीच विचारावं लागत नव्हतं. वजन थोडं कमी-जास्त, ग्रिप लहान-मोठी, एवढाच काय तो फरक. बाकी सगळ्या रॅकेट्स जवळपास सारख्या. हा सारखेपणा मोडायला एका पन्नाशी उलटलेल्या, बेताचंच खेळणाऱ्या माणसाची चिडचिड कारणीभूत ठरली. आपल्या वयाच्या खेळाडूने रॅकेट निवडण्याआधी हा इतिहास माहीत करून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण आज दुकानात मांडलेली प्रत्येक सोय कुणासाठी आणि कशासाठी आली, हे त्यातून कळतं.

लाकडी रॅकेटचं हेड साधारण ६५ ते ७० चौरस इंचांचं असे आणि गटिंगसकट वजन ३७० ते ४०० ग्रॅम. डनलॉपची मॅक्सप्लाय किंवा विल्सनची जॅक क्रेमर ज्यांनी वापरली, त्यांच्या मनगटाला ते वजन अजून आठवत असेल. हेड लहान का, तर लाकूड. पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून, वाकवून केलेल्या त्या फ्रेमचं हेड मोठं केलं असतं, तर तारांच्या ओढीने ते वाकलं असतं नाही तर मोडलं असतं. आहे त्या आकारातही ते टिकवायला चार कोपऱ्यांना स्क्रू असलेला लाकडी प्रेस लागे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात प्रेस न लावता रॅकेट भिंतीला टेकवून ठेवली की तिला बाक आलाच म्हणून समजा. आपल्याकडे जालंधर आणि मेरठच्या रॅकेट्स जास्त चालायच्या. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी तिथे हा धंदा पुन्हा उभा केला होता. परदेशी रॅकेट म्हणजे आयातीची कटकट, नाही तर कुणीतरी बाहेरून येताना आणलेली भेट.

लाकडाला पहिला धक्का धातूने दिला. फ्रान्सच्या रेने लाकोस्तच्या कल्पनेवरून विल्सनने १९६७ मध्ये टी-२००० ही स्टीलची रॅकेट बाजारात आणली आणि जिमी कॉनर्सने ती वर्षानुवर्षं सोडली नाही. पण तिचं हेडही लहानच होतं. पदार्थ बदलला, आकार तोच राहिला. कॉनर्ससारखा माणूस तिच्यातून काहीही काढू शके. रविवारी सकाळी डबल्स खेळणाऱ्याला तिचा उपयोग बेताचाच.

आता त्या चिडलेल्या माणसाबद्दल. हॉवर्ड हेड, जन्म १९१४, अमेरिकेतला विमान-अभियंता. धातूच्या थरांची स्की बनवून त्याने मोठी कंपनी उभी केली, १९६९ मध्ये ती विकली आणि निवृत्त होऊन टेनिस खेळायला लागला. खेळ काही जमेना. सरावासाठी त्याने बॉल फेकणारं मशीन घेतलं, ते धड चालेना, म्हणून तो त्या मशीनच्या कंपनीतच शिरला. कंपनीचं नाव प्रिन्स. मशीन सुधारलं, तरी खेळ होता तिथेच. तेव्हा त्याने दोष स्वतःच्या मनगटात शोधणं थांबवलं आणि रॅकेटकडे पाहिलं. बॉल मधोमध बसला नाही की रॅकेट हातात पिळवटते आणि बॉल भलतीकडे जातो. उशिरा खेळायला लागलेल्या, पाय थोडे जड झालेल्या खेळाडूचा बॉल मधोमध बसतोच किती वेळा?

हॉवर्ड हेडने आधी फ्रेमच्या कडांना जास्तीचं वजन लावून पाहिलं. मग त्याला गणितातलं जुनंच सूत्र दिसलं. पीळ रोखण्याची ताकद रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वजन तेवढंच ठेवून हेड सव्वापट रुंद केलं, तर रॅकेट दीडपटीहून अधिक स्थिर होते. शिवाय बॉल नीट परत पाठवणारा तारांचा भाग कितीतरी मोठा होतो. लाकडात हे शक्य नव्हतं, ॲल्युमिनियममध्ये होतं. त्या काळी हेड केवढं असावं याला नियमांत मर्यादाच नव्हती. इतकी वर्षं कुणी ते मोठं करून पाहिलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. १९७६ मध्ये प्रिन्स क्लासिक बाजारात आली, हेड ११० चौरस इंच. त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकेत पेटंटही मिळालं, ८५ ते १३० चौरस इंचांच्या हेडसाठी.

क्लबांमध्ये तिची टिंगल झाली. म्हाताऱ्यांची रॅकेट, बायकांची रॅकेट, फसवाफसवी वगैरे. घेतलीही आधी त्यांनीच, आणि त्यांचे बॉल नेटपलीकडे जाऊ लागले. १९७८ च्या अमेरिकन ओपनमध्ये सोळा वर्षांची पॅम श्रायव्हर हीच रॅकेट घेऊन मार्टिना नवरातिलोव्हाला हरवून अंतिम फेरीत पोचली, तेव्हा टिंगल थांबली. पुढे सगळा व्यावसायिक खेळ त्याच वाटेने गेला. त्यातही क्रम पाहण्यासारखा आहे. पीट सॅम्प्रस अखेरपर्यंत ८५ चौरस इंचांच्या प्रो स्टाफने खेळला. रॉजर फेडररने ९० इंची सोडून ९७ घेतली ती तिशी ओलांडल्यावर, २०१४ च्या सुमाराला, आणि २०१७ मध्ये तिच्यासह ऑस्ट्रेलियन ओपन आणि विम्बल्डन जिंकलं. त्यामुळे कुणी मोठ्या हेडवरून हसलं, तर लाजण्याचं काहीएक कारण नाही. इथे जगातले सर्वोत्तम खेळाडू हौशी म्हाताऱ्यांच्या मागून आले आहेत.

प्रिन्स क्लासिक आली त्याच सुमारास पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॉडी यांनी रॅकेटला प्रयोगशाळेत नेलं. 'स्वीट स्पॉट' म्हणून आपण ज्याला एक ठिपका समजतो, ती तीन वेगवेगळी ठिकाणं आहेत हे त्यांनी दाखवलं. एका जागी बॉल लागला तर फ्रेम थरथरत नाही. दुसऱ्या जागी लागला तर मुठीला धक्का बसत नाही. तिसऱ्या जागेवरून बॉल सर्वांत जोरात परततो. बॉल तारांवर असतो सेकंदाच्या जेमतेम दोनशेव्या भागापुरता. बसलेला हादरा आपल्याला कळतो तेव्हा बॉल निघून गेलेला असतो. म्हणून हादरा कमी करायचं काम खेळाडूचं तंत्र बॉल लागण्याआधी करतं आणि फ्रेम बॉल लागताना. तारांत अडकवायच्या छोट्या रबराने फक्त तारांचा टणत्कार थांबतो, कोपराला त्याचा आधार नाही.

ऐंशीच्या दशकात ग्राफाइट आलं आणि तिथून कथा जरा बिघडते. ग्राफाइट हलकं, मजबूत आणि हवं तितकं ताठ करता येणारं. १९८७ मध्ये विल्सनने जर्मन अभियंता सिगफ्रीड क्यूब्लर याच्या रचनेवरून 'प्रोफाइल' आणली. तिची फ्रेम सर्वांत जाड जागी ३९ मिलिमीटर होती, नेहमीच्या फ्रेमच्या जवळजवळ दुप्पट. फ्रेम जाड केली की ताठपणा त्या प्रमाणापेक्षा बराच जास्त वाढतो. ताठ फ्रेम बॉल लागताना वाकत नाही, म्हणून बॉलची ताकद वाया जात नाही आणि अर्ध्या स्विंगमध्येही बॉल बेसलाइनपर्यंत जातो. खांदा आखडलेल्या माणसाला याहून सुखाचं काय? क्लबांनी ती डोक्यावर घेतली. नव्वदच्या दशकात कंपन्यांनी पुढचं पाऊल टाकलं, वजन उतरवलं. दशकाच्या शेवटी आलेली हेड कंपनीची टायटेनियम एस-६ बिनगटिंगची सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास होती, हेड ११५ चौरस इंच आणि वजन सगळं टोकाकडे. (ही कंपनी हॉवर्ड हेडने विकलेल्या धंद्यातूनच वाढलेली.) ज्येष्ठ खेळाडूंत ती अफाट खपली.

लांबीचीही एक छोटी लाट येऊन गेली. मायकल चँग २८ इंची रॅकेटने सर्व्हिस करू लागल्यावर सगळ्यांना लांब रॅकेट हवी झाली. व्यावसायिक खेळासाठी नियमाची मर्यादा १९९७ पासून ३२ वरून २९ इंचांवर आली. हौशी खेळाडूसाठी २७ किंवा फार तर साडेसत्तावीस पुरे.

बिघडलं काय, तर कोपर. टेनिस एल्बोची तक्रार खेळाइतकीच जुनी, १८८० च्या दशकातल्या इंग्लंडच्या वैद्यकीय लिखाणात ती सापडते. मनगट मागे ओढणारा स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला ज्या कंडऱ्याने जोडलेला असतो, तो झिजतो. चाळिशीनंतर तो भरून यायला वेळ लागतो. बॉलचं वजन ५६ ते ५९ ग्रॅम. त्याच्यासमोर ३८० ग्रॅमची लाकडी रॅकेट ठाम उभी राहायची आणि वाकून हादरा गिळायची. अडीचशे ग्रॅमची ताठ रॅकेट ना ठाम राहते ना वाकते, मग उरलेला हादरा हातात जातो. हलकी रॅकेट हाताला जपते हा समज दुकानात ती उचलून पाहताना खरा वाटतो, बॉल लागताना तो खोटा ठरतो. या बाबतीत जाहिरातींनी आपल्या वयाच्या लोकांना चुकीची दिशा दाखवली, असं माझं स्पष्ट मत आहे. हॉवर्ड हेडने दिलेलं मोठं हेड जरूर घ्यावं. नंतर त्याला जोडून आलेला अतिहलकेपणा आणि अतिताठपणा घेऊ नये.

आकड्यांत सांगायचं तर हेड १०० ते १०७ चौरस इंच, बिनगटिंगचं वजन २७० ते २९५ ग्रॅम आणि ताठपणाचा आरए आकडा ६५ च्या खाली. हा शेवटचा आकडा फ्रेमवर सहसा छापत नाहीत, दुकानदाराला विचारावा लागतो किंवा शोधावा लागतो. सत्तरच्या वर गेलेली फ्रेम कितीही स्वस्त मिळाली तरी माझ्या मते सोडून द्यावी. खांदा खरोखर अधू असेल तर २६० पर्यंत उतरावं, पण मग गटिंग मऊच हवं.

आणखी एक मोह आहे, नदालच्या रॅकेटचा. ती बनवणाऱ्या बाबोला या फ्रेंच कंपनीने फ्रेम बनवायला सुरुवात केली तीच १९९४ मध्ये. कार्लोस मोया १९९८ मध्ये त्यांची प्युअर ड्राइव्ह घेऊन फ्रेंच ओपन जिंकला आणि मग नदालमुळे या कंपनीच्या रॅकेट्स जगभर पसरल्या. त्या रॅकेट्स उत्तमच आहेत, पण खालून वर झपाट्याने जाणाऱ्या, टॉपस्पिनच्या हातासाठी. आपल्यापैकी जे लाकडी रॅकेटवर शिकले, त्यांचा फोरहँड सपाट, बॅकहँड स्लाइस आणि जीव नेटजवळच्या व्हॉलीत. डेक्कन जिमखान्यापासून शिवाजी पार्कपर्यंत ज्येष्ठांच्या डबल्समध्ये आजही हाच खेळ दिसतो. त्याला थोडी वाकणारी, मुठीकडे वजन असलेली फ्रेम जास्त साथ देते.

ग्रिपबाबतही काळ बदलला. पूर्वी साडेचार इंचांच्या पुढची जाड मूठ सर्रास असे, आता दुकानात बहुतेक दोन नंबर म्हणजे सव्वाचार आणि तीन नंबर म्हणजे चार पूर्णांक तीन अष्टमांश इंच. कोपराच्या दुखण्यावर आयुष्य घालवलेले अमेरिकन शल्यविशारद रॉबर्ट निर्शल यांनी सुचवलेलं माप सोपं आहे. तळहाताच्या मधल्या आडव्या रेषेपासून अनामिकेच्या टोकापर्यंतची लांबी तेवढा ग्रिपचा घेर. अंगठ्याच्या बुडाशी संधिवात असेल तर वर एक ओव्हरग्रिप चढवून बघावी. जाडी किंचित वाढते आणि मूठ आवळावी लागत नाही.

राहिलं गटिंग. माझ्या मते फ्रेमइतकंच महत्त्व त्याला आहे. फ्रान्समधल्या ल्यों शहरात पिएर बाबोला यांनी १८७५ मध्ये आतड्याच्या तारा बनवल्या आणि आजही त्याहून मऊ तार नाही. पण ती महाग आणि आपल्या पावसाळी हवेत लवकर फुगून सुटते. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं. मग १९९७ मध्ये ब्राझीलचा गुस्तावो कुएर्तेन, तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला, लुक्सिलॉनच्या पॉलिएस्टर तारा घेऊन फ्रेंच ओपन जिंकला आणि काही वर्षांत सगळी तरुण मंडळी पॉलिएस्टरवर गेली. ही तार ताठ असते, लवकर मरते आणि मेली तरी तुटत नाही. त्यामुळे हळू स्विंग करणारा खेळाडू मेलेल्या तारांवर महिनोन्‌महिने खेळत राहतो आणि कोपर दुखल्यावर दोष वयाला देतो. आपल्यासाठी मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांचं) नायलॉन, ४८ ते ५२ पौंडांवर. टेन्शन कमी ठेवलं की बॉल जास्त जोराने परततो, म्हणजे ताकदीसाठी ताठ फ्रेम घ्यायची गरजच उरत नाही. कारखान्यातून गटिंग होऊन आलेली रॅकेट घेतलीत, तर कोणती तार आहे ते विचारून घ्या. माहिती मिळाली नाही तर घरी नेण्याआधी ती कापून नवी टाकून घ्यावी.

शक्य असेल तर क्लबातल्या कुणाची तरी किंवा दुकानाची डेमो रॅकेट मागून दोन पूर्ण सेट खेळा, भिंतीवर दहा बॉल मारून ठरवू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी तळहात खाली करून, कोपर सरळ ठेवून दुधाचं भरलेलं पातेलं उचलून बघा. कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ आली, तर गटिंग बदलून पुन्हा खेळा. तरीही आली, तर ती फ्रेम परत करा.