औषधाची खरी ओळख पटवणारी बाग

इटलीतील पादुआ विद्यापीठात १५३३ साली फ्रांचेस्को बोनाफेदे वनौषधींच्या अध्यापनासाठी मुद्दाम निर्माण केलेल्या पदावर रुजू झाले, तेव्हा त्यांच्या हाती प्राचीन ग्रीक ग्रंथ होते, पण त्या ग्रंथांत वर्णिलेली झाडे विद्यार्थ्यांना दाखवण्याची सोय नव्हती. व्हेनिसच्या बंदरात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील मिरीबरोबर पूर्वेकडची नाना औषधी द्रव्येही उतरत, आणि त्यांतील एखादी वाळलेली मुळी किंवा साल नेमकी कशाची, हे जाणत्या वैद्यालाही छातीठोकपणे सांगता येत नसे. बोनाफेदे यांच्या आग्रहाला यश आले आणि २९ जून १५४५ रोजी पादुआवर सत्ता असलेल्या व्हेनिसच्या सिनेटने विद्यापीठाच्या बागेला मंजुरी दिली.

बेळगाव-खानापूर भागातील वाचकाला ही अडचण परकी वाटू नये. टिळकवाडीतील बंगल्यांच्या कुंपणालगत सरळसोट वाढणाऱ्या झाडाला आपण सर्रास अशोक म्हणतो. परंतु अशोकारिष्टासाठी शास्त्राने सांगितलेली साल त्याची नव्हे, सीताअशोकाची. झाडे समोर असली तर घोटाळा होण्याचे कारण नाही. खोट्या अशोकाचे पान साधे, लांबट व नागमोडी कडांचे असते, तर सीताअशोकाच्या एकाच पानावर पर्णिकांच्या जोड्या असतात, कोवळी पालवी तांबूस व लोंबती असते आणि केशरी-तांबड्या फुलांचे घोस जुन्या फांद्यांवरच फुटतात. मात्र साल सोलून, वाळवून पोत्यात भरली की हे सारे पुरावे झाडावरच राहतात. त्यातच सीताअशोक दुर्मीळ होत चालल्याने काष्ठौषधींच्या बाजारात खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ होते. सूक्ष्मदर्शकाखाली ती ओळखता येते, पण ताडून पाहायला खात्रीचा नमुना लागतो, आणि तो निर्विवाद ओळख पटलेल्या झाडाचाच असावा लागतो.

पादुआची बाग म्हणजे अशा नमुन्यांचा जिवंत संग्रह होता. वर्तुळात चौरस आणि चौरसाचे चार भाग अशी तिची आखणी आजही कायम आहे. तेथील औषधी वनस्पतींना इतके मोल होते की दंड, कैद आणि हद्दपारीची भीती घालूनही रात्रीच्या चोऱ्या थांबेनात, म्हणून १५५२ साली भोवती गोल भिंत घालावी लागली! पिसा येथे लुका गिनी यांनी उभारलेली बाग याहून थोडी आधीची, पण तिची जागा पुढे बदलली. मूळ जागी टिकलेली सर्वांत जुनी विद्यापीठीय बाग पादुआचीच, आणि १९९७ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

औषधांपुरती लावलेली बाग पुढे निराळ्याच प्रश्नांना उपयोगी पडली. येथे १५८५ साली लावलेला एक बुटका ताड जर्मन कवी गटे यांनी सप्टेंबर १७८६ मध्ये पाहिला. त्याची जमिनीलगतची पाने अरुंद व अखंड होती, वरची क्रमाने चिरत गेलेली आणि शेवटची पूर्ण पंख्याच्या आकाराची. गटे यांनी माळ्याकडून ही सगळी मालिका कापून घेतली, आणि १७९० साली फुलाचे सर्व भाग ही पानाचीच रूपांतरे आहेत, असे प्रतिपादन प्रसिद्ध केले. विसाव्या शतकाच्या अखेरीस मोहरीच्या कुळातील एका लहान वनस्पतीत फुलाचे भाग ठरवणारी जनुके निकामी केली गेली, तेव्हा पाकळ्या, पुंकेसर आणि स्त्रीकेसर यांच्या जागी खरोखरच पानांसारखे अवयव उगवले.