लाल कुप्पी आणि पिवळी कुप्पी

गगनबावड्याच्या रस्त्याला चालत्या गाडीत डॅशबोर्डवरची लाल कुप्पी, म्हणजे ऑईलचा दिवा, पेटली, की चौघांत एकजण तरी म्हणतोच, "दांडी काढून बघ, ऑईल असलं तर चल जाऊया." दांडी म्हणजे इंजिनातल्या ऑईलची पातळी मोजायची पट्टी. हा सल्ला इंजिन घालवणारा आहे. ऑईल किती आहे ही एक गोष्ट आणि ते दाबाने फिरतंय का, ही दुसरी.

दिवेही वेगळे असतात. लाल कुप्पी, तोंडाशी थेंब, हा दाबाचा. पातळीचा पिवळा, आणि त्यात कुप्पीखाली बहुधा लाटेसारखी रेघ असते. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत हा पिवळा दिवाच नसतो, म्हणून लाल दिव्यालाच लोक 'ऑईल कमी झाल्याचा दिवा' समजतात.

पिवळ्याचं काम सोपं. सोयीची सपाट जागा बघून थांबा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, दांडी पुसून पुन्हा घाला आणि बघा. ऑईल दोन खुणांच्या मध्ये हवं. कमी असेल तर त्याच ग्रेडचं घाला, आणि ते गेलं कुठं हे फिटरला विचारा.

लालचं तसं नाही. विहीर तुडुंब भरलेली असते, मोटर चालू असते, पण पाइपच्या बुडाच्या फुटव्हॉल्व्हच्या जाळीत पाला अडकला की उसाला पाणी पोचत नाही. इंजिनातही तेच. खाली चेंबरमध्ये ऑईल असतं, पंप ते जाळीतून ओढतो, फिल्टरमधून क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगांपर्यंत ढकलतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये ऑईलचा बारीक पापुद्रा असतो, त्यावर क्रँक तरंगत फिरतो. दाब गेला की पापुद्रा तुटतो आणि धातू धातूला घासतो. मग खडखड ऐकू येते, बेअरिंग पकडतं आणि इंजिन खोलण्याचा खर्च डोक्यावर बसतो.

म्हणून लाल दिवा पेटल्यावर 'पुढच्या पंपावर बघू' चालत नाही. गाडी कडेला घ्या, थांबली की लगेच इंजिन बंद करा. चालत्या गाडीत चावी मात्र फिरवू नका. पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा जोर कमी होतो. मग गाडीखाली वाका. दगडावर किंवा गतिरोधकावर चेंबर आपटला असेल तर ऑईलची धार दिसेल. नुकतंच ऑईल बदललं असेल तर फिल्टरजवळ बघा. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं आणि त्यावर नवा बसवला, तर तिथून ऑईल ओतल्यासारखं गळतं.

आता दांडी. ऑईल खालच्या खुणेच्याही खाली असेल आणि गळती दिसत नसेल, तर भरून एकदा सुरू करून बघा. काही सेकंदांत दिवा गेला नाही तर लगेच बंद. ऑईल कमी असेल तर घाटाच्या वळणावर ते एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतो, तेव्हाही लाल लुकलुकतो. इथेच पातळी आणि दाब एकमेकांना भेटतात, गोंधळही इथूनच सुरू होतो.

दांडीवर ऑईल पुरेसं असूनही लाल दिवा पेटतोय? ही जास्त वाईट बातमी. पंप, तुंबलेली जाळी किंवा झिजलेली बेअरिंगं, यांतलं काहीही असू शकतं. दाबाचा स्विच बिघडला किंवा त्याची वायर बॉडीला चिकटली, तरी दिवा पेटतो, हे खरं. पण 'स्विचच गेला असणार' हे घाटात उभं राहून ठरवायचं नाही. गाडी टो करून आणा. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातला चांगला मेस्त्री स्विच काढून तिथे गेज लावतो आणि प्रत्यक्ष दाब बघतो. गेजवर दाब नीट असेल तर स्विच बदलून भागतं. गेज न लावताच कोणी इंजिन खोलायला निघाला, तर गाडी दुसरीकडे न्या.

रोज चावी फिरवताना लाल कुप्पीकडे एक नजर टाका. इंजिन सुरू होण्याआधी ती पेटली पाहिजे, सुरू झाल्यावर विझली पाहिजे. पेटतच नसेल तर दिवा, वायर किंवा स्विच गेला आहे, आणि दाब गेला तरी ती पेटणार नाही.