माजी सैनिक (नाशिक परिसर)

सैन्यदलातील सेवा पूर्ण करून, अथवा जखम किंवा आजारपणामुळे सेवेतून मुक्त होऊन गावी परतलेल्या व्यक्तीस माजी सैनिक म्हणतात. प्रत्यक्ष लढाईत भाग घेतला होता की नाही, हा प्रश्न सरकारी व्याख्येत गौण आहे. सेवेतून तो कोणत्या अटींवर सुटला, यावर सगळे ठरते. लोकव्यवहारात मात्र तो ‘फौजी’ किंवा ‘मेजर’ असतो. सिन्नर, निफाड, येवला, बागलाण भागांतील खेड्यांत हवालदार म्हणून निवृत्त झालेल्यालाही ‘मेजर’च म्हणतात, आणि तोही ही फुकटची बढती सहसा दुरुस्त करीत बसत नाही.

नाशिकला लष्कर परके नाही. देवळालीची छावणी एकोणिसाव्या शतकातील असून, मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे महिनोन्‌महिने अडकून पडलेल्या गोऱ्या शिपायांमुळे वेडसरपणासाठी ‘डूलॅली’ हा शब्द इंग्रजीत रूढ झाला. पुढे तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय देवळालीत आले, तर तोफखान्याच्या नव्या जवानांना घडविणारे केंद्र नाशिकरोडला आहे. डॉ. बा. शि. मुंजे यांनी शहरात भोसला मिलिटरी स्कूल काढले ते १९३७ साली. असे असले तरी जिल्ह्यातून भरती झालेला जवान तोफखान्यातच जातो असे नाही. बेळगावचे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र किंवा मध्य प्रदेशातील सागर येथील महार रेजिमेंटचे केंद्र हेही त्याच्या आयुष्यातले पहिले मोठे मुक्कामाचे ठिकाण असू शकते.

शिपाई पंधरा-सतरा वर्षांच्या नोकरीनंतर, म्हणजे बहुधा चाळिशीच्या आत, घरी येतो. त्यामुळे त्याचे निवृत्तीनंतरचे आयुष्य सेवेपेक्षा दुपटीने लांब असते आणि ते सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्याच्या फाटकावर, बँकेच्या दारात बंदूक घेऊन किंवा स्वतःच्या द्राक्षबागेत जाते. गावाच्या आठवणीत मात्र पहिली पंधरा वर्षेच उरतात.

तो कोणत्या युद्धात होता, हे त्याच्या बोलण्यापेक्षा पदकांवरून अधिक नेमके कळते. १९६५ च्या युद्धासाठी समर सेवा स्टार आणि रक्षा पदक देण्यात आले. १९७१ साठी संग्राम पदक, तसेच आघाडीनुसार पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार. पदक हातात घेऊन तिरपे धरले, तर त्याच्या काठावर लष्करी क्रमांक आणि नाव कोरलेले दिसते. ही अक्षरे बारीक असतात आणि ट्रंकेत तीस-चाळीस वर्षे राहून काळवंडलेली असतात, पण घरच्यांना ठाऊक नसलेला क्रमांक पुष्कळदा तेथेच सापडतो.

हा क्रमांक पुढे फार लागतो. माजी सैनिकाचे उतारवय डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचे पुस्तक), पीपीओ (निवृत्तिवेतन अदा करण्याचा आदेश), कँटीन म्हणजे सवलतीच्या लष्करी भांडाराचे कार्ड आणि २००३ मध्ये सुरू झालेल्या ईसीएचएस या आरोग्य योजनेचे कार्ड यांच्या आधाराने चालते. ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ ही दीर्घकाळची मागणी १ जुलै २०१४ पासून लागू झाल्याचे मानण्यात आले. सर्वांत चिवट अडचण मात्र रकमेची नसून नावाची असते. लग्नानंतर पत्नीचे नाव आणि जन्मतारीख पलटणीच्या दप्तरी ‘पार्ट टू ऑर्डर’ या लेखी आदेशाने चढवावी लागते. तेथे ‘सुमनबाई’ आणि आधार कार्डावर ‘सुमन’ असे राहिले, तर ती चूक नवऱ्याच्या हयातीत कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच्या मागे मात्र प्रतिज्ञापत्र, जोडफोटो आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील खेपा तिच्या वाट्याला येतात. शहाणे फौजी हे काम हातपाय चालतात तोवर उरकून घेतात.

मृत्यूच्या बाबतीत रणांगण आणि घर यांत मोठे अंतर आहे. सेवेत असताना धारातीर्थी पडलेल्याला लष्करी इतमामात निरोप मिळतो: तिरंग्यात लपेटलेले पार्थिव, बंदुकीच्या फैरी, बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’. ध्वज चितेत जाळायचा किंवा कबरीत उतरवायचा नसतो. अग्नी देण्यापूर्वी तो घडी घालून कुटुंबाच्या हाती देतात. पंचाहत्तरीत घरच्या खाटेवर वारलेल्याच्या वाट्याला यातले सहसा काही येत नाही. ध्वजसंहितेनुसार शासकीय, लष्करी वा केंद्रीय निमलष्करी इतमामाखेरीज पार्थिवावर राष्ट्रध्वज घालता येत नाही. कुणी प्रेमापोटी तो आणलाच, तर बाजूला ठेवायला सांगण्याचे अवघड काम एखाद्या दुसऱ्या जुन्या फौजीलाच करावे लागते. असा घरी वारलेल्या माजी सैनिकाची पत्नी ‘वीरपत्नी’ ठरत नाही, कारण ती संज्ञा युद्धात किंवा लष्करी कारवाईत पती गमावलेल्या स्त्रीसाठी राखीव आहे. नाशिकमध्ये पंचवटीच्या अमरधामात दहन आणि रामकुंडावर अस्थिविसर्जन व दशक्रिया, हे कोणत्याही हिंदू कुटुंबासारखेच होते.

दशक्रियेनंतर मृत्यूचा दाखला अभिलेख कार्यालयाकडे आणि निवृत्तिवेतन विभागाकडे जातो. साधारण कुटुंब निवृत्तिवेतन अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के या मूळ हिशेबाने बसते, म्हणजे नवरा जिवंत असताना त्याला मिळणाऱ्या, अखेरच्या वेतनाच्या निम्म्या निवृत्तिवेतनाहून कमी. ईसीएचएस आणि कँटीन यांचा लाभ पत्नीला चालू राहतो. दोन्हींची कार्डे तिच्या नावाने नव्याने करून घ्यावी लागतात, आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला यापुढे तिला द्यावा लागतो.