कंबर धरली म्हणून अंथरूण धरू नका

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात कुणाची कंबर धरली की ठरलेला हुकूम: खाली सतरंजी टाका, आठ दिवस हलू नका. गेल्या महिन्यात काकूंनी तेच केलं. पाचव्या दिवशी न्हाणीघरापर्यंत त्या भिंत धरून गेल्या, पाय लटपटत होते. बघवत नव्हतं.

हा समज आता सोडायलाच हवा. १९९५ साली हेलसिंकीतल्या एका अभ्यासात नुकतीच कंबर धरलेले १८६ जण होते. काहींना दोन दिवस अंथरुणात ठेवलं, काहींना कंबरेचे व्यायाम दिले, उरलेल्यांना सांगितलं, झेपतील तेवढी रोजची कामं करा. सर्वांत लवकर सुधारले ते हे शेवटचे. पडून राहिलं की स्नायूंची ताकद उतरते, सांधे आखडतात, शिवाय हलायची भीती बसते ती वेगळीच. हलताना थोडं दुखलं म्हणजे आत काही तुटतंय, असं नसतं.

सुरसागर तलावापर्यंत चालणं जमत नसेल तर अंगणात चाला. मात्र पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा जोरात पडल्यावर दुखू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.